संध्याकाळचा पाय

पहाटे सव्वापाच

जाग आली तरी मी पाय लगेच खाली सोडत नाही. उशाशी ठेवलेला मोजा घ्यायचा, टाचेपर्यंत उलटा करायचा, आडव्यानंच उजव्या पायात सरकवायचा. टाच नीट बसली की दोन्ही हातांनी थोडा थोडा वर आणायचा आणि गुडघ्याखाली दोन बोटांवर थांबायचं. सुरकुती राहिली तर दुपारपर्यंत ती दोरीसारखी काचते. एवढं झालं की पाय जमिनीला.

रात्रभर आडवं पडल्यानं पायांच्या शिरा रिकाम्या झालेल्या असतात. निरोगी माणूस उभा राहिला की त्या खालून सावकाश भरतात. माझ्या उजव्या पायातल्या झडपा गेल्यात, त्यामुळं तिथं रक्त वरूनच खाली कोसळतं आणि काही सेकंदांत शिरा तट्ट होतात. भरलेल्या पायावर मोजा धड चढत नाही आणि चढला तरी उशीर झालेला असतो.

डाव्या पायाला मोजा लागत नाही. तीन वर्षांपूर्वी नांदेडला त्याची शीर लेसरनं बंद करून घेतली. उजव्याचं राहिलंय.

मी नर्स आहे. शिरड शहापुरातल्या एका लहान दवाखान्यात सतरा वर्षं ड्रेसिंग करते. या आजाराला पुस्तकात व्हेरिकोज व्हेन्स म्हणतात, मराठी पाठ्यपुस्तकात अपस्फीत शिरा. आमच्याकडं येणारी माणसं म्हणतात, “सिस्टर, नसा फुगायल्यात.” मला तोच शब्द पुरतो.

सकाळी साडेसात

दोन डबे भरून निघाले. मल्लिनाथांच्या मंदिराकडं सकाळच्या दर्शनाला आलेल्या गाड्या उभ्या होत्या, बाहेरगावचे जैन यात्रेकरू इथं बारा महिने येतात. औंढा नागनाथकडून वसमतकडं जाणारी एसटी खच्चून भरलेली होती. मार्च लागला की आमच्या शिवाराला हळदीचा वास सुटतो. २०२४ मध्ये वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा पेपरात मोठे फोटो आले, पिवळ्याधमक हळकुंडांचे. त्या हळकुंडांमागचे पाय मात्र मी बघते. काढणी, शिजवणी, वाळवणी, वेचणी, पॉलिश. कुकरच्या वाफेजवळ किंवा काहिलीच्या जाळापाशी दिवस दिवस उभं राहायचं, नाहीतर ओणवं व्हायचं. उभं राहिल्यानं प्रत्येकाच्या नसा फुगतात असं नाही. आईबापांकडून आलेली कमजोर शीर, बायकांची बाळंतपणं, वाढतं वय, वजन हे आधी असतं. उभं राहणं त्यावर ओझं टाकतं. पण आमच्या भागात बसून करायचं काम कितीजणांच्या वाट्याला येतं?

साडेआठ

ड्रेसिंगच्या खोलीत पहिल्या मावशी येऊन बसलेल्या. बसलेल्या म्हणजे बाकावर पाय लोंबकळत सोडून. मी रोज सांगते आणि रोज एक उपडी बादली त्यांच्या पायाखाली सरकवते.

उजव्या पायाला आतल्या घोट्याच्या वर रुपयाच्या नाण्याच्या चौपट जखम. उथळ, वेडीवाकडी, सतत पाझरणारी. भोवतीची कातडी काळपट, लाकडासारखी टणक, खाज सुटलेली. पोटरी वर जाड आणि घोट्यापाशी आवळलेली, उलट्या बाटलीसारखी. तो काळेपणा मळाचा नसतो, हे मला बायकांना फार वेळा सांगावं लागतं, कारण त्या दगडानं घासघासून पाय सोलून घेतात. शिरेत दाब वाढला की बारीक केशवाहिन्यांतून लाल पेशी बाहेर झिरपतात, फुटतात आणि त्यांच्यातलं लोह कातडीत साठतं. ते घासून निघत नाही.

मावशी पहिल्यांदा आल्या तेव्हा ही जखम चौदा महिन्यांची होती. तिच्यात हळद भरलेली होती, घरची, नवी, ताजी दळलेली. हळदीच्या गावात दुसरं काय लावतील? मी त्यांना बोलले नाही. फक्त कोमट सलाईननं ते पिवळं पापुद्र्यासारखं खरपूड अर्धा तास भिजवून काढलं. खाली पाणी साठून कुजायला लागलं होतं.

माझ्या आईला अशीच जखम अकरा वर्षं होती. साखर तपासली, नव्हती. मलमं बदलली, इंजेक्शनं झाली, कुणी म्हणालं रक्त खराब आहे, कुणी म्हणालं कुठंतरी पाय पडला. तिला तपासणाऱ्या प्रत्येकानं जखम पाहिली आणि ती झोपलेली असतानाच पाहिली. कुणी तिला एकदा उभं करून साडी गुडघ्यापर्यंत वर घ्यायला सांगितलं असतं, तर मांडीपासून घोट्यापर्यंत उतरलेली बोटाएवढी नस दिसली असती. मीही तेव्हा शिकत होते, मीही पाहिलं नाही. हे मला अजून सोडत नाही, म्हणून माझ्या खोलीत आलेला प्रत्येक पाय मी आधी उभा बघते.

जखम घोट्यावर असते, तिचं कारण वर असतं. माणूस उभा राहिला की घोट्यापाशी शिरेतला दाब पाऱ्याच्या ८०-९० मिलिमीटरपर्यंत जातो. चालायला लागलं की पोटरीचे स्नायू आतल्या शिरा पिळतात, झडपा रक्त मागं येऊ देत नाहीत आणि तो दाब ३० च्या आसपास उतरतो. पोटरीला दुसरं हृदय म्हणतात ते यामुळं. झडपा निकामी झाल्या की पिळलेलं रक्त पुन्हा खाली येतं, दाब उतरतच नाही, कातडी उपाशी राहते. तिथं कितीही महागडं मलम लावा, दाब तसाच असेल तर जखम तशीच राहणार.

म्हणून औषध म्हणजे पट्टी. पण कुठल्याही पायाला घट्ट पट्टी बांधायची नाही. आधी पायाच्या पाठीवर आणि घोट्यामागं नाडी हाताला लागली पाहिजे. नाहीतर डॉक्टरबाई हाताचं आणि घोट्याचं ब्लड प्रेशर हातातल्या छोट्या डॉप्लरवर मोजतात. घोट्याचं हाताच्या ०.८ पट तरी असावं लागतं. धमनीच अरुंद झालेल्या पायाला घट्ट पट्टी बांधली तर बोटं काळी पडतील.

मावशींची नाडी चांगली टणटणते. आधी कापसाची मऊ पट्टी, हाडाच्या उंचवट्यांवर जरा जास्त. पाऊल काटकोनात. बोटांच्या मुळापासून सुरुवात, टाच झाकलीच पाहिजे, मग प्रत्येक वेढा आधीच्या अर्ध्यावर. घोट्यापाशी ताण सर्वांत जास्त, वर जाताना आपोआप कमी. गुडघ्याखाली थांबायचं. नखं दाबून बघायची, गुलाबी रंग लगेच परत येतो का.

“आता बसून राहायचं का?” मावशींनी विचारलं.

“नाही. चालायचं. पट्टी बांधलेली पोटरी चालली तरच पंप चालतो. आणि बसाल तेव्हा पाय वर.”

“घरात पाय वर करून बसले तर सासू काय म्हनल?”

मावशी साठीच्या आहेत, सासू ऐंशीच्या पुढची. मी म्हटलं, सासूबाईंना घेऊन या, मी सांगते.

पट्टी बांधण्याआधी मी ड्रेसिंगच्या पाकिटाचं पारदर्शक प्लॅस्टिक जखमेवर धरून मार्करनं तिची कड गिरवते आणि तारीख टाकते. मावशींचे असे नऊ कागद झालेत.

साडेदहा

बाहेर ओपीडी. स्टँडजवळ चहाची गाडी असलेले काका आले, दोन्ही पाय जड पडायलेत म्हणून. डॉक्टरबाईंनी त्यांना टेबलावर झोपवलंच नाही. स्टुलावर उभं केलं. पायजमा वर घेतला तर डाव्या मांडीच्या आतून एक नस गुडघ्यामागं वळसा घेऊन पोटरीवर गाठी गाठी करत उतरलेली. “हे किती वर्षं आहे?” “हे व्हय? हे तर कव्हाचंच हाय. ते कुठं दुखतंय?” काका गुडघ्याचं औषध घ्यायला आले होते.

मग डॉक्टरबाईंनी माझी आवडती तपासणी केली. काकांना झोपवून पाय वर उचलला, शिरा रिकाम्या केल्या, मांडीला वरच्या बाजूला रबरी पट्टा बांधला आणि पुन्हा उभं केलं. शिरा निपचित. पट्टा सोडला, आणि वरून खाली सरसर भरत आल्या, कुणी वरून तोटी सोडावी तशा. काका स्वतःच्या पायाकडं बघत राहिले. फ्रीड्रिख ट्रेंडेलेनबुर्ग या जर्मन सर्जननं १८९० च्या सुमारास ही कल्पना मांडली: मांडीतली मोठी शीर वर जांघेपाशी आतल्या शिरेला मिळते, तिथली झडप गेली की सगळा बिघाड तिथून. आज नांदेडला किंवा हिंगोलीला कलर डॉप्लर होतो, उलटं वाहणारं रक्त पडद्यावर रंगात दिसतं आणि अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ उलटं वाहिलं तर झडप गेली असं धरतात. उपचार ठरवायला डॉप्लर लागतोच. पण माणसाला पटायला हा पट्टा पुरतो.

दुपारी एक

सात महिन्यांची गरोदर मुलगी, मांडीवर निळं जाळं, घाबरलेली. गरोदरपणात रक्त वाढतं, शिरा सैल पडतात, पोटाचा भार पडतो. बाळंतपणानंतर काही महिन्यांत बरंच ओसरतं, तोवर मोजा आणि डाव्या कुशीवर झोपणं. तिला एकच गोष्ट दोनदा म्हणवून घेतली: एकच पाय अचानक सुजला, पोटरी गरम होऊन दुखायला लागली किंवा दम लागला, तर वाट बघायची नाही, त्याच तासाला दवाखाना. आतल्या शिरेत गाठ झाली तर ती फुप्फुसात जाऊ शकते. आणि अशा वेळी पोटरी कुणाकडून चोळून घ्यायची नाही.

डबा खाल्ला. पंधरा मिनिटं पाय खुर्चीवर.

पावणेचार

मोटारसायकल पायरीपर्यंत आली. मागं बसलेल्या बाईचा पाय रक्तानं माखलेला, चप्पल भरलेली. हळद शिजवताना घोट्याजवळ खाजवलं, तिथला निळा फोड फुटला. नवऱ्यानं पोटरीवर दस्ती गच्च आवळलेली.

“सिस्टर, गच्च बांधलंय तरी रगत थांबंना!”

“आधी ती दस्ती सोडा.”

“आवो, सोडल्यावर अजून वाहील की!”

बोलत बसायला वेळ नव्हता. तिला व्हरांड्यातच आडवं केलं, पाय उचलून माझ्या खांद्यावर घेतला, दस्ती कापली आणि फुटलेल्या जागी गॉज ठेवून अंगठा दाबला. नवरा बघत होता. पाय वर जाताच धार थेंबांवर आली, दहा मिनिटांत पूर्ण थांबली.

रोज रक्त काढताना मी दंडाला पट्टा बांधते. का? शीर फुगावी म्हणून. पट्टा वरच्या शिरेची वाट अडवतो, पण धमनी खोल असते, ती रक्त आणतच राहते. विल्यम हार्वेनं १६२८ मध्ये लॅटिनमध्ये छापलेल्या आपल्या पुस्तकात हेच दंडाला दोरी बांधून दाखवलं: दोरीखाली शिरा फुगतात, झडपांच्या गाठी दिसतात आणि बोटानं रक्त हृदयाच्या दिशेला ढकलता येतं, उलट ढकलता येत नाही. दस्तीनं त्या बाईच्या पायावर तेच केलं होतं. घोट्यावर भोक आणि वर बंद दार. त्यात पाय मोटारसायकलवरून खाली लोंबता. फुगलेल्या नसेतून रक्त वाहून माणसं दगावली आहेत, आणि तीही बसल्या किंवा उभ्या जागी, कुणी आडवं करून पाय वर न केल्यानं.

आडवं करा, पाय वर, बोटानं दाबा, काही बांधू नका. आमच्या आशाताईंना मी हे चार शब्दांत पाठ करायला लावलंय, तरी आजचा हा यंदाचा तिसरा पाय. तिच्या नवऱ्याला मी पाय कसा धरायचा, अंगठा कुठं, हे स्वतःच्या हातानं करायला लावलं. एकदा फुटलेली नस पुन्हा फुटते. डॉक्टरबाईंनी पट्टी घालून याच आठवड्यात नांदेडला सर्जनकडं जायची चिठ्ठी दिली.

संध्याकाळी सहा

पाय खरं बोलायची ही वेळ. सकाळी बारीक दिसणारा घोटा आता मोज्याची कड उमटेल इतका भरलेला असतो. ज्यांना शक्य आहे त्यांना मी मुद्दाम संध्याकाळी बोलावते.

केस कापायच्या दुकानात दिवसभर उभा राहणारा दादा डॉप्लरचा कागद घेऊन आला. सर्जननं लेसर सांगितलंय. त्याचा प्रश्न प्रत्येकाचा असतो, माझाही होता: “शीरच बंद केल्यावर रगत कुठून जाईल?”

पायातलं दहातले नऊ हिस्से रक्त आतल्या, स्नायूंमधल्या शिरांतून जातं. ही कातडीखालची शीर त्यांची मदतनीस. मदत करण्याऐवजी ती रक्त उलटं सोडायला लागली की ती बंद करणंच बरं, रक्ताला चांगल्या वाटा उघड्याच असतात. हृदयाची बायपास करताना सर्जन अनेकदा हीच शीर पायातून काढून वर वापरतात, आणि माणसं तिच्याशिवाय चालतात. फक्त आतली वाट मोकळी आहे ना, हे डॉप्लरवर आधी बघावं लागतं.

मग त्याला माझ्या डाव्या पायाची गोष्ट सांगितली. गुडघ्याजवळ एक सुई, तिच्यातून पातळ तार जांघेच्या जरा अलीकडं. शिरेभोवती गार पाण्यातून भुलीचं औषध भरतात, त्यानं कातडी भाजत नाही. मग तार तापवत मागं ओढतात, शीर आतून शेकून मिटते. त्या दिवशी मी चालत जिना उतरले. दोन आठवडे मांडीत आतून ओढल्यासारखं झालं, निळे डाग पडले, पोटरीचा एक पट्टा दोन महिने बधिर होता. हेही सांगितलं, कारण मला आधी कुणी सांगितलं नव्हतं आणि मी घाबरले होते. रेडिओ लहरींनीही शीर अशीच बंद करतात, काही ठिकाणी चिकट द्रव्य वापरतात, छोट्या शिरांना फेसाचं इंजेक्शन देतात. जुनी चिरा देऊन शीर ओढून काढायची पद्धतही आहेच. एक शीर बंद झाली म्हणून दुसरी कधीच फुगणार नाही, असं कुणी म्हणत असेल तर ते खरं नाही.

पैशाचं विचारलं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण कुठली पद्धत कुठल्या दवाखान्यात यादीत बसते ते भरती होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला विचार, असं बजावलं.

दादाला जखम नाही, तो सवडीनं करू शकतो. मावशींना तेवढी सवड नाही. ब्रिटनमध्ये ४५० जणांवर झालेल्या एका अभ्यासाचा निकाल २०१८ मध्ये आला, तो डॉक्टरबाईंनी मला समजावून सांगितला होता: पट्टी बांधतानाच लवकर शीर बंद केली तर जखम भरायला निम्म्या लोकांना ५६ दिवस लागले, आधी पट्टी आणि शिरेचं नंतर बघू असं केलं तिथं ८२. ते ऐकल्यापासून मी कुणाला “आधी जखम भरू द्या, मग बघू” म्हणत नाही. पूर्वी म्हणत होते, कितीतरी जणांना.

मोज्याचं दुखणं वेगळं. उन्हाळ्यात आमच्याकडं पारा चाळिशीपार जातो, चुलीपुढं, वाफेपुढं कोण घालील? मी भांडत नाही. सकाळी सहा ते अकरा घाला, दुपारी काढून पाय वर करून पडा, चार वाजता पाय वर ठेवूनच पुन्हा चढवा. अर्धा दिवस घातलेला मोजा पेटीत ठेवलेल्या मोज्यापेक्षा बरा. उभं राहूनच काम असेल तर दर थोड्या वेळानं टाचा वर-खाली, वीस वेळा. दादा माझ्यासमोरच करून बघायला लागला, आरशापुढं कुणाचे केस कापत असल्यासारखे हात वर धरून.

आठ

जाता जाता मावशींच्या घरी. खाटेच्या पायथ्याकडच्या दोन्ही पायांखाली दोन दोन विटा लावल्या का ते बघायचं होतं. एका बाजूला दोन, दुसऱ्या बाजूला एकच. खाट डुगडुगत होती. अंगणातली वीट आणून लावली. सासूबाई ओसरीवर होत्या. त्यांनी मला जवळ बोलावून स्वतःचं लुगडं जरा वर केलं. दोन्ही घोट्यांवर तोच काळा पट्टा, आणि डाव्यावर भरून गेलेल्या जखमेचा पांढरा, चकचकीत वण.

“आमच्या टायमाला कोण बघत होतं,” म्हणाल्या. मग सुनेकडं बघून, “तिला पाय वर करून बसू दे. म्या काय म्हनत न्हाय.”

दहा

नऊ प्लॅस्टिकं एकमेकांवर ठेवून दिव्याला धरली. पहिल्या कडेच्या आत दुसरी, तिच्या आत तिसरी. चौथी आणि पाचवी एकावर एक, तेव्हा लग्नसराईत त्यांनी पट्टी सोडली होती. आजची सर्वांत आतली. आईचा असा एकही कागद माझ्याकडं नाही.

उजवा पाय भिंतीला वर टेकवून पडले. मोज्याची गुडघ्याखालची कड उमटली होती, घोटा मात्र घोट्यासारखा होता. दिवाळीनंतर सुट्टी मिळाली की नांदेड. नंतर उठून मोजा साबणाच्या पाण्यात हातानं धुतला, न पिळता टॉवेलमध्ये दाबला आणि पंख्याखाली पसरला. पहाटेपर्यंत वाळतो.